नवा दवबिंदू घरी आल्यावर: उष्ण हवेत तो जगवायचा कसा

माझा पहिला दवबिंदू, म्हणजे सनड्यू नावाचं किडे पकडून खाणारं झाड, सात आठवडे जगला. बाटलीच्या झाकणाएवढा पानांचा लालसर गुच्छ, प्रत्येक पानावर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकणारा थेंब. मी त्याला रोज नळाचं पाणी घालत होतो, दुपारी पानांवर फवारत होतो, ऊन लागू नये म्हणून आत ठेवत होतो आणि तिसऱ्या आठवड्यात चिमूटभर गांडूळखतही घातलं होतं. आधी थेंब गेले, मग बाहेरची पानं काळी पडली, शेवटी मधला कोंब. कुंडी रिकामी करताना तिच्या काठावर आणि मातीच्या पृष्ठभागावर एक पांढरट पापुद्रा दिसला. नखाने खरवडला तर खडूसारखी भुकटी निघाली. पाणी उडून गेलं होतं आणि त्यातले क्षार मागे राहिले होते.

इतर झाडांना आपण जे मायेने देतो, तेच दवबिंदूला मारतं. जिथे पावसाने जमिनीतलं सगळं पोषण धुऊन नेलेलं असतं, अशा जागी ही वनस्पती वाढते: दलदली, ओले वाळूचे पट्टे, पाझर असलेले कातळ. तिथे नायट्रोजन मिळत नाही म्हणून ती किडे पकडते. तिच्या मुळांचं काम झाडाला धरून ठेवणं आणि पाणी पिणं एवढंच. क्षार आणि खत या मुळांना पेलत नाहीत. म्हणून पुढचं सगळं वाचताना दोनच गोष्टी डोक्यात ठेवा: खाली क्षार नसलेलं पाणी, वर भरपूर उजेड. बाकीच्या बऱ्याच चुका झाड सोसतं, या दोन सोसत नाही.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू

झाड मागवण्याआधी हे घरात असलं तर उत्तम. झाड आधीच आलं असेल तर निदान पहिल्या दोन वस्तू आजच आणा.

- टीडीएस मीटर. पेनाएवढं, पाण्यात बुडवून त्यातल्या क्षारांचा आकडा दाखवणारं उपकरण.
- पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी, निदान ५ लिटर.
- ८ ते १० सेंटीमीटर रुंद आणि तळाला भोकं असलेली प्लास्टिकची कुंडी, शक्यतो पांढरी किंवा फिक्या रंगाची.
- कुंडीपेक्षा बराच मोठा उथळ ट्रे.
- खत न मिसळलेलं स्फॅग्नम पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा अर्धवट कुजलेला भुसा), आणि पर्लाइट (पांढरे, हलके, फुलवलेल्या खनिजाचे दाणे) किंवा सिलिका वाळू.
- ५० टक्के सावली देणारं शेडनेट, बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवणार असाल तर.
- बारीक चिमटा आणि एक छोटी कात्री.

१. तुमच्याकडे कोणता दवबिंदू आहे ते आधी ओळखा

दवबिंदू म्हणजे एकच झाड नव्हे. ड्रॉसेरा (दवबिंदूचं शास्त्रीय नाव) या प्रजातीत दोनशेहून जास्त जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर त्या आढळतात. त्यामुळे एका जातीसाठी बरोबर असलेला सल्ला दुसरीला मारक ठरू शकतो. विकणाऱ्याला नेमकं नाव विचारा. ‘कीटकभक्षी झाड’ किंवा नुसतं ‘सनड्यू’ एवढ्यावर समाधान मानू नका.

उष्ण हवेत नवख्याने सुरुवात करायची तर मी ड्रॉसेरा स्पॅथुलाटा सांगेन. चमच्यासारखी पानं, जमिनीलगत चपटा गुच्छ. जपानपासून न्यूझीलंडपर्यंत ती आढळते, त्यामुळे बऱ्याच प्रकारच्या हवेशी तिचं जमतं. ड्रॉसेरा बर्मानी तर उष्ण प्रदेशातलीच. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा वावर आहे आणि उकाडा तिला मानवतो. उभी, गवताच्या पात्यांसारख्या पानांची ड्रॉसेरा इंडिका, म्हणजेच गवती दवबिंदू, हीसुद्धा उष्णतेतली. मात्र बर्मानी आणि इंडिका यांचं आयुष्य मुळातच छोटं असतं. त्या काही महिन्यांत वाढतात, फुलतात, बी टाकतात आणि वाळतात. हे माहीत नसलं की माणूस स्वतःला दोष देत बसतो.

ड्रॉसेरा कॅपेन्सिस सगळीकडे ‘सर्वांत सोपी’ म्हणून सांगितली जाते. ती दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली, म्हणजे सौम्य हवेतली. आपल्यासारख्या हवेत ती जगते, पण पारा ३५ अंशांच्या वर राहिला की मलूल होते, थेंब धरत नाही. तिला दुपारची सावली हवीच. ड्रॉसेरा अ‍ॅडेली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनातली. लांब भाल्यासारखी पानं, कडक ऊन नको, दमटपणा मात्र भरपूर हवा.

ड्रॉसेरा रोटुंडिफोलिया आणि ड्रॉसेरा अँग्लिका या थंड प्रदेशातल्या जाती घेऊ नका. थंडीत त्या घट्ट कळीच्या रूपात झोपी जातात आणि त्यांना ती झोप लागतेच. बारा महिने उकाड्यात राहिल्या की दमून मरतात. जमिनीत कंद धरणाऱ्या जातीही पहिल्या वर्षी टाळा. वर्षातला बराच काळ त्या जमिनीवर दिसतच नाहीत आणि त्या झोपेच्या दिवसांत नेमकं किती पाणी द्यायचं हे नवख्याला जमत नाही.

आणि रानातून उपटून आणलेलं झाड कुणी देत असेल तर घेऊ नका. मुळं तुटलेली असतात, झाड बहुतेकदा जगत नाही आणि तिथली जागा मात्र ओस पडते. रोपवाटिकेत बियांपासून किंवा पानांपासून वाढवलेलंच घ्या.

२. पार्सल उघडल्यावरचे पहिले दहा दिवस

खोकं उघडल्यावर झाड बघून वाईट वाटेल. थेंब गेलेले, पानं एकमेकांना चिकटलेली, कडेची दोन-तीन तपकिरी, सगळ्यावर मातीचे कण. हे नेहमीचंच आहे. अंधारात आणि हादऱ्यांत कोणताही दवबिंदू थेंब सोडतो.

मुळं ओल्या मॉसमध्ये गुंडाळून आली असतील तर झाड त्याच दिवशी कुंडीत लावा. कुंडीसकट आलं असेल तर हात लावू नका, नुसतं ट्रेमध्ये ठेवा. पानांवर माती असेल तर चांगल्या, म्हणजे क्षार नसलेल्या, पाण्याची हलकी धार सोडून एकदाच धुवा. काळी पडलेली पानं कात्रीने कापा, ओढू नका.

पहिले तीन-चार दिवस भरपूर उजेड, पण थेट ऊन नाही. नंतर सकाळचं एक तास ऊन, मग दोन तास, असं वाढवत दहा ते चौदा दिवसांनी कायमच्या जागी न्या. रोपवाटिकेत ते जाळीखाली किंवा दिव्याखाली वाढलेलं असतं. थेट उन्हात ठेवलंत तर एका दुपारीत पानं भाजून निघतात.

या काळात खाऊ घालायचं नाही, फवारायचं नाही, जागा सारखी बदलायची नाही. जुन्या पानांकडे बघूही नका, त्यांच्यावर थेंब परत येतीलच असं नाही. मधून जे नवं पान उलगडतंय त्यावर लक्ष ठेवा. त्यावर थेंब आले म्हणजे झाड नव्या जागी रुळलं.

३. पाणी: इथेच बहुतेक झाडं जातात

पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटर पीपीएममध्ये दाखवतं. १ पीपीएम म्हणजे साधारण लिटरमागे १ मिलिग्रॅम. दवबिंदूसाठी ५० च्या खालचं पाणी चांगलं. १०० पर्यंत काही दिवस निभावतं. त्यावर नको.

आकडा एवढा काटेकोर का, ते एका हिशोबाने कळेल. समजा तुमच्या नळाचं पाणी ३०० पीपीएम आहे आणि उन्हाळ्यात कुंडीतून रोज १०० मिलिलिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज ३० मिलिग्रॅम मागे राहतात, महिन्याला ९०० मिलिग्रॅम. मुठीत मावणाऱ्या कुंडीत जवळजवळ एक ग्रॅम मीठ. थंड हवेत हेच व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात, म्हणून तिकडचे लोक जे पाणी ‘चालतं’ म्हणतात ते आपल्याकडे चालत नाही.

कोणतं पाणी वापरायचं, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

पावसाचं पाणी पहिलं. छपरावरून घेत असाल तर पहिली काही मिनिटं वाहून जाऊ द्या, धूळ आणि पक्ष्यांची घाण धुतली जाते. झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात साठवा. सिमेंटच्या टाकीत साठवू नका, सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. पावसाळ्यात चार पिंपं भरली की कोरड्या महिन्यांची मोठी चिंता मिटते.

दुसरं, डिस्टिल्ड पाणी. बॅटरीत घालण्यासाठी मिळतं ते चालतं, पण बाटलीवर नीट वाचा, अ‍ॅसिड उचलून आणू नका. मीटरने एकदा मोजा.

तिसरं, घरच्या आरओचं पाणी, मोजून. इथे एक सापळा आहे. चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत क्षार परत मिसळायची सोय असते, त्यामुळे आरओचं पाणीही १०० च्या वर निघू शकतं. शिवाय जे पाणी आरओ बाहेर फेकतं ते झाडांना घालायची अनेकांना सवय असते. त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात. दवबिंदूच्या आसपासही ते नेऊ नका.

उकळलेलं पाणी हा फार पसरलेला गैरसमज आहे. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जवळपास तिथेच राहतात. बाटलीबंद मिनरल वॉटरमध्ये नावाप्रमाणेच खनिजं असतात. एसीतून ठिबकणारं पाणी मीटरवर छान दिसतं, पण ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या धुळकट नळ्यांवरून येतं. मी ते वापरत नाही.

पाणी द्यायची पद्धत सोपी आहे. कुंडी ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रेमध्ये १ ते २ सेंटीमीटर पाणी कायम असू द्या. कुंडी खालून हवं तेवढं शोषून घेते. कडक उन्हाळ्यात सकाळी भरलेला ट्रे संध्याकाळी कोरडा मिळतो, म्हणून ट्रे मोठा घ्या. एकदा जरी मिश्रण पूर्ण वाळलं तरी मुळं जातात. ‘माती कोरडी झाली की पाणी द्या’ हा इतर झाडांचा नियम इथे विसरायचा. महिन्यातून एकदा वरून भरपूर चांगलं पाणी ओता आणि खालून निघालेलं फेकून द्या, साचलेले क्षार त्याबरोबर जातात.

आता डास. उघड्यावर साचलेलं पाणी म्हणजे उष्ण हवेत डासांची पैदास, आणि आठवड्या-दीड आठवड्यात अंड्याचा डास होतो. दर तीन-चार दिवसांनी ट्रे पूर्ण रिकामा करा, कडा घासा, नवं पाणी भरा. चिकटलेली अंडी नुसतं पाणी ओतून जात नाहीत, घासावंच लागतं. पाण्यात रॉकेल किंवा औषध टाकू नका, तेच पाणी झाड पिणार आहे.

४. कुंडी आणि मिश्रण

पीट मॉस एक भाग, पर्लाइट किंवा सिलिका वाळू एक भाग. एवढंच. पीटच्या पिशवीवर खत मिसळल्याचा उल्लेख असेल तर ती पिशवी घेऊ नका, बागकामासाठीच्या बऱ्याच पिशव्यांत ते असतं. कोरडं पीट पाणी झटकतं, म्हणून आदल्या रात्री चांगल्या पाण्यात भिजवून ठेवा आणि हाताने मळून घ्या.

वाळू कुठलीही चालत नाही. समुद्राची तर नाहीच. हातातल्या वाळूची खात्री नसेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, बाजूला ठेवा. फेस आला नाही तरी तीन-चार वेळा धुऊन घ्या आणि शेवटच्या धुण्याचं पाणी मीटरने मोजा.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सहज मिळतं म्हणून लोक तेच वापरतात. त्यात बरेचदा मीठ असतं. वापरायचंच झालं तर आठवडाभर रोज पाणी बदलत भिजवा आणि निथळलेल्या पाण्याचा आकडा ५० च्या खाली येईपर्यंत थांबा. एवढ्या खटाटोपापेक्षा मला पीट किंवा लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस बरं वाटतं.

बागेतली माती, शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट, राख, अंड्याची टरफलं यातलं काहीही नको. मातीची कुंडीही नको. तिच्या अंगातून पाणी उडतं, क्षार भिंतीत जमतात आणि परत आत उतरतात.

५. ऊन हवं, भट्टी नको

‘दलदलीतलं झाड’ म्हटलं की सावली डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बहुतेक दवबिंदू उघड्या माळावर, आजूबाजूला उंच झाडं नसलेल्या जागी वाढतात. उजेड कमी पडला की पानं हिरवी, लांबट आणि लुळी होतात, थेंब छोटे होतात. अ‍ॅडेलीसारख्या सावलीतल्या जाती सोडल्या तर झाड लालसर होणं ही उजेड पुरेसा असल्याची खूण आहे. लाल पडलं म्हणून घाबरून आत आणू नका.

आपल्याकडे अडचण उजेडाची नसून उष्णतेची असते. सकाळपासून अकरा वाजेपर्यंतचं थेट ऊन आणि त्यानंतर शेडनेटखालचा उजेड, ही बहुतेक जातींना मानवणारी विभागणी. पूर्वेची बाल्कनी मिळाली तर जाळीचीही गरज पडत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ती दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडत राहते, आणि दवबिंदूला दिवसाच्या उकाड्यापेक्षा न थंडावणारी रात्र जास्त छळते.

पानांपेक्षा मुळं सांभाळा. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला उन्हात हात लावून बघा, आतल्या ओल्या पीटचीही तीच गत असते. फिक्या रंगाची कुंडी, किंवा छोटी कुंडी मोठ्या पांढऱ्या कुंडीत ठेवून मधली पोकळी ओल्या मॉसने भरणं, यांनी खूप फरक पडतो. ट्रे मोठा आणि पाणी जास्त असलं की तेही पटकन तापत नाही.

आणि काचेची बरणी. सगळ्यांना ती सुंदर वाटते, मलाही वाटली होती. माझा दुसरा दवबिंदू बंद बरणीत, खिडकीत, एका दुपारी शिजला. सकाळी थेंब होते, चार वाजता पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी काचेला चिकटली होती. बंद काचेत ऊन शिरतं आणि उष्णता अडकते. दमटपणासाठी बरणीची गरज नसते. मोठा ओला ट्रे आणि शेजारी चार कुंड्या एवढं पुरतं.

घरातच ठेवायचं असेल तर पांढरा एलईडी दिवा झाडापासून १५ ते २५ सेंटीमीटरवर रोज १२ ते १४ तास लावा. एसीच्या थेट झोतात ठेवू नका, आणि एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या गरम हवेत तर मुळीच नको.

६. पावसाळा

दमट हवा त्याला आवडते, मुसळधार पाऊस सोसवत नाही. जोराच्या सरींनी थेंब धुतले जातात आणि उडालेलं पीट पानांना चिकटतं. पारदर्शक पत्र्याखाली ठेवलं की दोन्ही टळतं, उजेडही मिळतो. एखादी सर लागली तर काळजी नको, दोन-चार दिवसांत थेंब परत येतात. सलग ढगाळ आठवड्यांत जाळी काढून टाका.

७. खाऊ घालणं

हा भाग लिहायला मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे थोडं थांबून बघितलं की झाड वेगळंच दिसायला लागतं.

एक चिलट पानावर उतरतं. पहिला पाय चिकटतो, तो सोडवायला दुसरा टेकतो, तोही चिकटतो. ओढाताणीत थेंबाचे चकचकीत धागे निघतात. मग कडेचे लांब केस हळूच आत वळायला लागतात. स्पॅथुलाटामध्ये काही मिनिटं लागतात, बर्मानीचे कडेचे केस मात्र डोळ्यांदेखत झुकतात. किडा पानाच्या मध्यावर सरकवला जातो, थेंबांमधून पाचक रस सुटतो आणि चार-पाच दिवसांनी केस परत उभे राहतात. उरतं ते किड्याचं पोकळ टरफल. कॅपेन्सिसचं तर अख्खं पानच किड्याभोवती गुंडाळलं जातं, त्याला काही तास लागतात.

चार्ल्स डार्विन यांनी या झाडावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पावसाच्या थेंबांनी केस वळत नाहीत, मांसासारख्या नायट्रोजन असलेल्या पदार्थांनी मात्र वळतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे १८७८ मध्ये त्यांचा मुलगा फ्रान्सिस याने खाऊ घातलेली आणि उपाशी ठेवलेली झाडं शेजारी शेजारी वाढवली. खाल्लेल्या झाडांना बी कितीतरी जास्त धरलं, पण उपाशी झाडंही जगली होती. नवख्याने हे लक्षात ठेवावं. खाऊ घालायचं राहून गेलं म्हणून झाड मरत नाही, जास्त घातल्याने मरू शकतं.

बाहेर ठेवलेलं झाड स्वतःचं स्वतः पकडतं, तुम्ही काही करू नका. घरातल्या झाडाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा, एक-दोन पानांवर, माशांच्या खाद्याचा मोहरीच्या दाण्यापेक्षा छोटा तुकडा द्या. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या सुक्या ब्लडवर्म अळ्या सगळ्यांत सोयीच्या. चांगल्या पाण्याच्या थेंबात भिजवून चिमट्याने ठेवायच्या. पानावर चिकट थेंब असतील तरच द्या. थेंब नसलेलं पान खात नाही, त्यावर ठेवलेलं नुसतं कुजतं.

मटणाचा तुकडा, दूध, चीज, भात असं काही देऊ नका. पान पचवण्याआधी त्यावर बुरशी येते. मोठी माशी किंवा मुंगळाही नको, पानापेक्षा शिकार मोठी झाली की ते पान काळं पडतं. मुळांशी खत कधीच नाही, ‘अगदी थोडं’ही नाही. आणि पाहुण्यांच्या मुलांना थेंबांना बोट लावायचा मोह होतो, तेवढी कुंडी उंचावर ठेवा.

८. दांडा आला तर

मधून एक गुळगुळीत, टोकाला वळलेला कोंब निघाला आणि त्यावर चिकट केस नसतील तर तो फुलाचा दांडा. छोटी, गुलाबी किंवा पांढरी फुलं एकेक करून उमलतात, ऊन असेल तेव्हा काही तासांपुरती. स्पॅथुलाटा, कॅपेन्सिस आणि बर्मानी आपल्या आपण बी धरतात.

झाड अशक्त असेल किंवा नुकतंच आलं असेल तर दांडा लहान असतानाच कापा. पण बर्मानी आणि इंडिका यांचा दांडा कधीच कापू नका. झाड जाणारच आहे, बी हेच त्याचं पुढचं वर्ष. बोंडं तपकिरी झाली की पांढऱ्या कागदावर हलकेच टिचकी मारा. काळी धूळ पडल्यासारखं दिसतं, तेच बी. ते ओल्या पीटवर नुसतं भुरभुरवा, वर मिश्रण टाकू नका, उगवायला त्याला उजेड लागतो. दोन ते सहा आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढी रोपं दिसतील, आणि त्या आकारातही त्यांच्यावर थेंब असतात.

स्पॅथुलाटा किंवा कॅपेन्सिस असेल तर झाड ठणठणीत असतानाच एक निरोगी पान देठाच्या बुडापासून काढा आणि झाकणाच्या पारदर्शक डबीत डिस्टिल्ड पाण्यावर तरंगत ठेवा. डबी उजेडात असू द्या, उन्हात नको. तीन ते सहा आठवड्यांत पानावर इवली रोपं फुटतात. मूळ झाडाला काही झालं तर हीच हाताशी असतात.

९. कीड आणि बुरशी

नवी पानं वेडीवाकडी, आखूड येऊ लागली तर भिंगाने कोंबात बघा. बहुतेकदा मावा असतो, कधी पिठ्या ढेकूण. साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल ही घरोघरची औषधं इथे नकोत, पानं जळतात. सोपा उपाय म्हणजे अख्खी कुंडी चांगल्या पाण्यात २४ ते ४८ तास सावलीत बुडवून ठेवणं. मावा गुदमरून मरतो, झाडाला काही होत नाही, फक्त थेंब जातात आणि आठवड्याभरात परत येतात. दहा दिवसांनी पुन्हा एकदा करा, म्हणजे मागे राहिलेलाही मावा संपतो.

राखाडी बुरशी आली तर ते पान कापा, हवा खेळती ठेवा. पृष्ठभागावर हिरवं शेवाळ धरलं तर वरचा पातळ थर चमच्याने काढून टाका. छोट्या काळ्या केमऱ्या दिसल्या तर काहीच करू नका, झाड त्या खातं.

१०. थेंब गेले, आता काय?

घाबरून चार गोष्टी एकदम बदलू नका. या क्रमाने तपासा.

ट्रेमधलं पाणी मोजा. १०० च्या वर असेल तर कारण सापडलं. वरून एक-दोन लिटर चांगलं पाणी ओतून मिश्रण धुऊन काढा. पांढरा पापुद्रा दिसत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, मिश्रणच बदला. पाणी ठीक असेल तर दुपारी दोन वाजता कुंडीला हात लावून बघा, ती गरम लागते का. तेही ठीक असेल तर पानं लांबट-हिरवी झालीत का, म्हणजे उजेड कमी पडतोय का, ते बघा. कोरडी गरम हवा सुटली असेल तर दुपारी थेंब नसणं स्वाभाविक आहे. अशा दिवसांत सकाळी सात वाजता बघा, तेव्हा थेंब असतील तर झाडाचं बरं चाललंय. आणि जुनी, खालची पानं एकेक करून काळी होत असतील पण मधून नवी येत असतील, तर ते नेहमीचं वाढणं आहे.

सगळीच पानं गेली तरी कॅपेन्सिस किंवा अ‍ॅडेलीची कुंडी लगेच फेकू नका. वाळलेला भाग मातीलगत कापा, कुंडी सावलीच्या उजेडात ठेवा, ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर पाणी राहू द्या आणि दोन महिने थांबा. या जातींच्या जाड मुळांतून नवे कोंब येतात. माझी कॅपेन्सिस एका उन्हाळ्यात पूर्ण काळी पडली होती. सत्तेचाळिसाव्या दिवशी कुंडीच्या कडेला, जिथे झाड कधी नव्हतंच, तिथे तांदळाच्या दाण्याएवढं एक पान वर आलं. भिंग धरलं तर त्यावर नऊ थेंब होते.